साथीला कोण होते?

भाऊबीज झाली, की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडया भरू लागतात. हलके धान कापून बांध्यांत पडलेले असते, भारी धान अजून उभे असते, आणि अशा त्या अर्ध्या मोकळ्या, अर्ध्या भरल्या दिवसांत आज या गावची मंडई, उद्या त्या गावची, असा क्रम सुरू होतो. दिवसा बाजार, पाहुणे आणि गोडधोड. रात्री दंडार, खडी गंमत, नाही तर नाटक. लाखांदूर-साकोलीपासून पुढे गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंतचा हा सारा झाडीचा मुलूख. गोंदिया तर १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होते. या मुलखात माणूस एक वेळ उपाशी झोपेल, पण मंडईच्या रात्री नाटक न पाहता झोपणार नाही.

माझे आबाजी शाळामास्तर होते आणि फावल्या वेळी पेटी वाजवीत. दंडारीच्या तालमीला त्यांना बोलावणे येई. मंडईहून परतताना बैलबंडीत आम्हा पोरांची बडबड चाले: राजा कसा गरजला, राणीचे काम करणाऱ्याने पदर कसा सावरला, कोणाच्या पदाला ‘वन्स मोर’ पडला. आबाजी बराच वेळ ऐकून घेत आणि मग एकच प्रश्न विचारीत, “साथीले कोन होता गा?”

आम्ही गप्प! रंगमंचाच्या पुढ्यात, आमच्याकडे पाठ करून, एक माणूस रात्रभर ऑर्गन वाजवीत बसलेला होता. पण त्याची फक्त पाठ आणि मफलर एवढेच आमच्या लक्षात असे. आबाजी हसत आणि म्हणत, “मंग तुमी अर्धेच गाने आयकले.”

त्या वयात हा प्रश्न मला मास्तरी खोडीचा वाटे. पुढे नोकरीनिमित्त गाव सुटले, गाणे ऐकण्याचा नाद लागला, आणि तो प्रश्न माझ्या मागे लागला तो लागलाच. तो अगदी अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटला, तो एका अमेरिकन जाझ गायिकेच्या ध्वनिमुद्रिकेत.

बिली हॉलिडे ही ती गायिका. १९३५ मध्ये, जेमतेम वीस वर्षांची असताना, तिने टेडी विल्सन या पियानोवादकाबरोबर न्यूयॉर्कमध्ये गाणी मुद्रित करायला सुरुवात केली. विल्सन तिच्याहून अवघा दोन-अडीच वर्षांनी मोठा. दोघेही कृष्णवर्णीय, दोघेही उमेदवारीच्या काळातले. गंमत अशी, की त्या तबकड्यांवर ठळक नाव असे ते टेडी विल्सन आणि त्याच्या वाद्यवृंदाचे. गायिकेचे नाव खाली, बारीक अक्षरांत. म्हणजे आमच्याकडच्या अगदी उलट! पण तबकडी लावून ऐकावे, तर नावे कुठे आणि कशी छापली आहेत याचा विसर पडतो. बिलीचा आवाज लहान, पल्ला बेताचा. पण ती शब्द तालाच्या किंचित मागे ठेवते आणि सूर वाकवते. पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध जी जागा आहे, तेथे ती जाऊन बसते. आणि पियानोला तर ती जागाच नाही! त्याची पांढरी पट्टी पांढरी आणि काळी ती काळी. मग विल्सन काय करतो? ती जेथे सूर वाकवते तेथे तो बाजूला होतो. ती श्वास घेते तेथे दोन-चार मोत्यांसारखे सूर टाकतो आणि पुन्हा वाट मोकळी करतो.

हे ऐकताना मला पहिल्यांदा उमगले, की आबाजींचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे. गळा वाकतो, पट्टी वाकत नाही. ही ज्यांची जन्माची अडचण, त्या दोघांचा संसार सुखाचा कसा होतो?

जाझ ही काही आपल्याला अगदीच परकी वस्तू नव्हती. १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचे ताफे वाजवून गेले. टेडी वेदरफोर्ड नावाचा नामांकित पियानोवादक तर इकडे रमला तो रमलाच. १९४५ मध्ये कोलकात्यात त्याने देह ठेवला. त्याच मुंबईत, ताजच्या दिव्यांपासून दूर, पार्ल्याकडे एक मराठी मुलगा पेटीवर बोटे फिरवीत होता. आणि तिकडे आमच्या नागपुरात एक मुलगा गाणे शिकत होता. हे दोघे पुढे भेटायचे होते. पहिला पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, दुसरा वसंतराव देशपांडे. जाझच्या त्या जोडीला मराठीत जवळचे कोण, असे मला कोणी विचारले, तर मी या दोन देशपांड्यांकडे बोट दाखवीन.

पण त्यांच्याकडे वळण्यापूर्वी पेटीची कुळकथा थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण या गोष्टीतले तिसरे पात्र तीच आहे.

पेटी मूळची परदेशी. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य पायाने भाता मारून, खुर्चीवर बसून वाजवायचे. आपला गवई जमिनीवर बसणारा. तेव्हा कोलकात्याच्या कारागिरांनी त्याला हाताचा भाता बसवला, पाय काढून घेतले आणि त्याला मांडी घालायला शिकवले. पायपेटी मात्र मराठी नाटकात ऑर्गन म्हणून टिकली आणि झाडीपट्टीत ती आजही वाजते. महाराष्ट्रात या वाद्याला मानाचे पान मिळवून दिले ते गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी. कोल्हापूरचे हे गृहस्थ वकिलीऐवजी पेटीत रमले, भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसले आणि त्या साथीतून एवढे शिकले, की १९११ मध्ये ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांनीच दिल्या. म्हणजे साथीला बसणे ही विद्येची एक वाट होती. गवयाच्या शेजारी बसून त्याच्या मनात पुढचा सूर कोणता उठणार आहे, हे क्षणभर आधी ओळखायचे. याहून कडक शाळा कोणती असणार?

पण पेटीला शत्रूही पुष्कळ. तिला मींड काढता येत नाही, तिचे स्वर ठरीव मापाचे, श्रुती तिला ठाऊक नाहीत, आणि ती परकी आहे. असे चार आरोप तिच्यावर होते. रवींद्रनाथ ठाकुरांना ती आवडत नसे. दिल्लीच्या नभोवाणीवर पाश्चात्य संगीताचे काम पाहणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनीही तिच्याविरुद्ध लेखणी चालवली. परदेशी म्हणून तिला हाकला, असे सांगणाऱ्यांत एक परदेशी मनुष्य असावा, हा योग मोठा मौजेचा! अखेर १९४० मध्ये नभोवाणीने पेटीला दार बंद केले. ते दार १९७१च्या सुमारास किलकिले झाले, तेही साथीपुरते. पेटीच्या एकलवादनाला त्यानंतरही कितीतरी वर्षे बाहेरच ताटकळावे लागले.

ही तीस वर्षे ध्यानात ठेवा, कारण या जोडीची उमेदीची वर्षे नेमकी तीच.

वसंतरावांचा जन्म २ मे १९२० चा, मूर्तिजापूरचा. आई राधाबाईंनी त्यांना एकटीने नागपुरात वाढवले. शंकरराव सप्रे गुरुजींकडे त्यांचे गाणे सुरू झाले. मुलगा दिसायला गोड, गळा त्याहून गोड. भालजी पेंढारकरांच्या १९३५च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात तो कृष्ण झाला. पुढे लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे त्यांनी मारवा घोटला. सुरेशबाबू माने, अमान अली खाँ अशा थोरांकडूनही त्यांनी विद्या घेतली, आणि दीनानाथ मंगेशकरांच्या गाण्याचा ठसा तर मनावर होताच. इतक्या विहिरींचे पाणी प्यायल्यावर त्यांच्या गाण्याला एकच चव कशी राहणार? ‘तुमचे घराणे कोणते’ असे विचारणाऱ्याला, ‘ते माझ्यापासून सुरू होते’ अशा अर्थाचे त्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्धच आहे.

उत्तर बाणेदार, पण त्याची किंमत मोठी होती. घराणे नाही म्हणजे पाठीशी कोणी नाही. पोटासाठी पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी पत्करावी लागली आणि ती जवळजवळ दोन तपे चालली. दिवसा आकडे, रात्री तानपुरा. मधल्या काळात दूर ईशान्य सीमेकडे बदलीही झाली. ज्या वयात गवई नावारूपाला येतो, त्या वयात हा गवई दुसऱ्यांच्या पगाराच्या बेरजा करीत होता.

पु. ल. देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ चा, मुंबईचा. पेटीचे शिक्षण दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे. पुढे शिक्षणासाठी पुण्यात आल्यावर, चाळीसच्या दशकात, वसंतरावांची गाठ पडली आणि ती जन्माची गाठ ठरली. एकाला सूर सुचत, दुसऱ्याला ते सुचलेले आधी कळत. मित्रमंडळींत वसंतराव ‘वसंतखाँ’ झाले. पुढे पु. लं.नी काय काय केले ते मराठी वाचकाला सांगायला नको. १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’त लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि भूमिका हे सारे त्यांचेच. पण घरातली पेटी काही मिटली नाही.

आता यातला विलक्षण योग पाहा. १९५५ मध्ये पु. ल. आकाशवाणीत नोकरीला लागले. पुढे दिल्लीला दूरदर्शनच्या आरंभीच्या काळातही त्यांनी काम केले. म्हणजे महाराष्ट्रातला एक अव्वल पेटीवाला अशा कचेरीत काम करीत होता, जिथे पेटीला प्रवेश नव्हता! त्यांनी इतरांचे कार्यक्रम बसवावेत, नाटके ध्वनिक्षेपित करावीत, आणि त्यांच्या स्वतःच्या वाद्याने मात्र पायरीशी थांबावे. नभोवाणीवर शास्त्रीय गाणे झाले, तर साथीला सारंगी, व्हायोलिन, पेटी नाही. तेव्हा या दोघांची खरी मैफल जमे ती कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या माडीवर, शनिवारी रात्री. एक हिशेब खात्यातला कारकून, एक प्राध्यापकीतून नभोवाणीत आलेला लेखक. दोघांपैकी कोणाचेही पोट त्या बैठकीवर अवलंबून नव्हते. मला वाटते, त्या साथीला जो मोकळेपणा आहे तो यातूनच आलेला आहे. पाकिटात काय आहे याची चिंता नसलेली माणसे जशी बोलतात, तशी ही दोघे वाजवीत-गात.

त्या बैठकींची काही ध्वनिमुद्रणे सुदैवाने आज ऐकायला मिळतात. वसंतरावांचे गाणे म्हणजे उधळलेला घोडा. तान कुठून उठेल, कुठे वळेल आणि समेवर कोणत्या दिशेने येऊन आदळेल, याचा नेम नाही. त्यांना तबलाही चांगला अवगत होता, त्यामुळे लयीशी त्यांचे खेळ तर फारच अवखळ. असल्या गवयाच्या मागे पेटी धरणे म्हणजे पुराच्या पाण्यात वैनगंगेत डोंगा घालण्यासारखे. नवखा साथीदार येथे दोन चुका करतो. एक तर तो गवयाच्या पाठोपाठ प्रत्येक सूर वाजवायला धावतो आणि धाप लागून मागे पडतो. किंवा घाबरून नुसता षड्ज धरून बसतो. पु. ल. यांतले काहीच करीत नाहीत. गळ्याने मींड घेतली, की भाता हलका होतो, मधले सूर नुसते पुसट स्पर्शून बोटे पुढच्या सुरावर जाऊन थांबतात. जणू म्हणतात, तू ये सावकाश, मी येथे उभा आहे. गवयाने तान टाकली, की पेटी तिची नक्कल करीत नाही, तिचे शेवटचे टोक तेवढे उचलून धरते. गवई श्वास घेतो, त्या रिकाम्या जागेत दोन-चारच सूर पडतात आणि त्यांत कौतुक असते, कधी चेष्टाही असते. वाजवणारा हसतो आहे, हे मुद्रणातसुद्धा ऐकू येते.

आता टेडी विल्सनची आठवण होणे अपरिहार्य आहे. सात समुद्रांपलीकडे, वेगळ्या संगीतात, वेगळ्या दुःखातून आलेल्या माणसाने त्याच अडचणीवर हाच उपाय काढलेला होता. पट्टी वाकत नाही, तर वाजवणाऱ्याने वाकावे. वाद्यात नम्रता नसेल, तर ती बोटांत आणावी. पेटीवर जे चार आरोप होते ते खोटे नव्हते. तिला मींड येत नाही, हे आजही खरे आहे. पण साथीच्या कलेने त्या आरोपांना युक्तिवादाने उत्तर दिले नाही, वागण्याने दिले.

जाझच्या त्या जोडीत आणि या जोडीत एक फरक मात्र सांगितला पाहिजे. विल्सन आणि बिली यांचे एकत्र काम हा धंदा होता; नाण्यावर वाजणाऱ्या यंत्रांसाठी तबकड्या निघत. काही वर्षांनी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि बिलीचा १९५९ मध्ये करुण अंत झाला. आमच्या या जोडीचा धंदा कधी झालाच नाही, म्हणून तो मोडलाही नाही. साठच्या दशकाच्या मध्यास वसंतरावांनी नोकरी सोडली. १९६७ मध्ये नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले; जितेंद्र अभिषेकींच्या चालींवर वसंतरावांचे खाँसाहेब उभे राहिले आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी हा गवई घरोघरी पोचला. तोवर पु. लं.चे एकपात्री प्रयोग महाराष्ट्रभर गाजत होते. दोघेही आता नामांकित. तरी साथ सुटली नाही. जो कीर्ती नसताना शेजारी बसला, त्याला कीर्ती आल्यावर उठायचे कारण काय?

१९८२ मध्ये वसंतरावांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि ३० जुलै १९८३ रोजी ते गेले. पु. ल. त्यानंतर सतरा वर्षे होते. १२ जून २००० रोजी तेही गेले. २०२२ मध्ये ‘मी वसंतराव’ हा चित्रपट निघाला आणि नव्या पिढीला ही मैत्री पडद्यावर दिसली. नातू राहुल देशपांडे यांनीच त्यात आजोबांची भूमिका केली. चित्रपट पाहून बाहेर पडताना लोक गाण्याविषयी बोलत होते. मला मात्र बैलबंडीतला आवाज ऐकू येत होता.

येथे कोणी म्हणेल, पु. लं.चे नाव तर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक. त्यांच्या निमित्ताने विसरलेल्या साथीदाराचे रडगाणे कशाला? शंका रास्त आहे. पण विचार करा, पु. लं.ची पेटी आपल्याला ठाऊक आहे ती त्यांच्या पुस्तकांमुळे. ते नुसतेच पेटीवाले असते, तर? पेटीच्या बंदीच्या त्या तीस वर्षांत गावोगाव किती बोटे तेवढ्याच तोलाची असतील, आणि त्यांच्या पाठीच फक्त लोकांनी पाहिल्या असतील! नभोवाणीवर पेटी नाही, म्हणून पेटीवाल्याच्या वाजवण्याची नोंद नाही. बैठकीचे मुद्रण करणारा कोणी नाही, म्हणून पुरावा नाही. इतिहास गळ्यांचा लिहिला जातो. बोटांचा इतिहास बोटांबरोबर जातो.

गेल्या वर्षी मंडईला मी मुद्दाम गावी गेलो होतो. एका नाटकाचे हस्तपत्रक हाती आले. नट, नट्या, लेखक, दिग्दर्शक, मंडप घालणारा, ध्वनिक्षेपकवाला, सर्वांची नावे होती. ऑर्गन कोण वाजवणार, ते नव्हते. रात्री तीनच्या सुमारास नायिकेने पद उचलले आणि सूर किंचित वर धरला. गारठ्याने गळा बसला होता बिचारीचा. पुढ्यात बसलेल्या माणसाने मान न हलवता भाता हलका केला, दोन सूर गाळले, आणि ती पुन्हा सुरात येऊन मिळेपर्यंत तिला तसेच तोलून धरले. मंडपात कोणाला काही कळले नाही. टाळ्या पडल्या त्या तिला. पहाटे नाटक संपल्यावर मी त्या गृहस्थांना भेटलो, नाव-गाव विचारले. ते थोडे गोंधळले. मग म्हणाले, “काही चुकला का जी?”

मी म्हणालो, “नाही, काहीच चुकलं नाही. म्हणूनच विचारतो.”

आबाजींची पेटी आता माझ्याकडे आहे. भात्याला दोनदा नवे कातडे लावले. एक सूर अजून अधूनमधून कण्हतो. यंदा दिवाळीत माझी नात गाणार आहे आणि साथीला मी बसणार आहे. ती तालमीतच लय सोडून पळते. तिच्यामागे धावता धावता माझी बोटे दमतात. परवा तिने आपले गाणे मोबाइलवर मुद्रित करून आत्याला पाठवले. पाठवण्यापूर्वी मला विचारले, “आबाजी, खाली काय लिहू?”

मी म्हटले, “तुझं नाव लिही, झालं.”

तिने थोडा विचार केला आणि आपल्या नावाखाली आणखी एक ओळ लिहिली. चष्मा नव्हता म्हणून मी तिलाच वाचायला सांगितली. ती म्हणाली, “साथीला आबाजी.”